शेतकरी जोडप्याचा इतिहास : कागद गोव्यातही आहेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या गवताळ सपाटीवर शेती केलेल्या एका जोडप्याच्या घराण्यावरचा लेख आला होता. नातवंडांनी चार पिढ्यांचा माग कसा काढला, हे त्यात छान आले आहे. पण शेवटी लेखकाने सुस्कारा सोडला आहे, की आपल्याकडे असे काही जमायचे नाही, आपल्या शेतकऱ्यांचे कागदच नाहीत. गोव्यापुरते हे विधान चुकीचे आहे. नवरा आणि बायको दोघांनाही नावानिशी शोधायचे असेल तर गोव्याचे दप्तर अमेरिकेच्या दप्तराला मागे टाकते. फक्त सुरुवात आडनावापासून न करता जमिनीच्या तुकड्यापासून करावी लागते. अमेरिकेतही तसेच करतात. लेखात ते ओझरते आले आहे, म्हणून आधी तिकडचे थोडे विस्ताराने लिहितो.

तिकडे सरकारने जमीन ‘फुकट वाटली’ असे लेखात म्हटले आहे. ही वाटणी ज्या कायद्याने झाली त्या होमस्टेड कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकरांवर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टरांवर, दावा सांगता येई. सगळी मिळून फी १८ डॉलर. पण फी भरली की जमीन नावावर झाली, असे नव्हते. पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन नांगरून पिके काढायची आणि हे सारे साक्षीदारांसह सिद्ध करायचे. तेव्हा कुठे ‘पेटंट’ नावाचा सरकारी दाखला हाती पडे. घाई असलेला माणूस सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून मोकळा होई. आणि ही जमीन ‘मोकळी पडलेली’ होती हेही अर्धेच खरे. पॉनी, ओमाहा, लकोटा अशा तिथल्या मूळ लोकांकडून ती आधी करारांनी आणि बळाने काढून घेतलेली होती. अशा घराण्याच्या इतिहासात पहिल्या पानावर तेवढे वाक्य तरी हवे.

त्या जमिनीचा पत्ता समजला की निम्मे काम झाले. सरकारी मोजणीने सगळा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत कापला. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. प्रत्येक टाउनशिपचे एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे होमस्टेडचे १६० एकर. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, तिथून खालच्या ओळीत उतरून उलट पूर्वेकडे येतात. नांगरताना बैल वळवून पुढचे तास धरावे तसे. हे ठाऊक नसलेला माणूस ७ नंबरचा सेक्शन १ नंबरच्या खाली शोधत बसतो. तो असतो ६ नंबरच्या खाली. नेब्रास्का आणि कॅन्सस या सपाटीवरच्या राज्यांतली गणना मोजणीसाठी ठरवलेल्या सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून होते. टाउनशिप, रेंज (म्हणजे त्या रेखावृत्ताच्या पूर्वेस वा पश्चिमेस चौकोनांची कितवी उभी रांग), सेक्शन आणि सेक्शनचा कुठला चतुर्थांश, एवढे हाती असले की पेटंटची प्रत संघराज्याच्या भूमी खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

पेटंट मात्र कोरडे असते: नाव, तारीख, जमिनीचा पत्ता. खरा ऐवज त्यामागच्या दाव्याच्या फायलीत. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारातून मागवावी लागते. अर्ज, पावत्या, परदेशातून आलेला माणूस असेल तर नागरिकत्वाचे कागद, आणि सर्वांत मोलाचा ‘अंतिम पुरावा’. त्यात दावेदाराला छापील प्रश्न विचारलेले असतात. इथे राहायला केव्हा आलात? घर कशाचे, किती फूट लांब, किती रुंद? विहीर आहे का? किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतले? कुटुंबात कोण कोण? जमीन सोडून कधी बाहेर राहिलात का, का राहिलात? तेच प्रश्न शेजारच्या दोन साक्षीदारांना. पुराव्याची तारीख चार साक्षीदारांच्या नावांसह आधी स्थानिक वर्तमानपत्रात छापावी लागे. त्यांतले दोघे प्रत्यक्ष साक्ष देत. म्हणजे फाईल न मिळाली तरी जुन्या वर्तमानपत्रातली ती चार ओळींची जाहिरात शेजारी कोण होते ते सांगून जाते. लाकूड दुर्मीळ असलेल्या त्या मुलखात गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांच्या विटा रचून घर बांधत. ‘घर, मातीच्या ढेकळांचे, एक दार, दोन खिडक्या’ अशा उत्तरातून जे दिसते ते चार पानी वर्णनातून दिसत नाही.

फाईल कुठल्या कायद्याखालची, तेही पाहावे. सपाटीच्या पश्चिम भागात पाऊस इतका कमी, की १६० एकरांत घर चालेना. म्हणून १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कापुरते ६४० एकर, १९०९ मध्ये कोरडवाहू भागात ३२० एकर अशी वाढ झाली. १९१२ मध्ये राहण्याची अट पाचावरून तीन वर्षांवर आली. एकराचा आकडा पाहूनच जाणकार काळ आणि प्रदेश अंदाजतो.

आता बायकोचे. या सगळ्या फायलीत ती बहुतेक वेळा ‘पत्नी व चार मुले’ एवढीच असते, बिननावाची. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने दावा करता येत नसे. अविवाहितेला, विधवेला, नवऱ्यापासून कायद्याने विभक्त झालेलीला येई. नवरा मुदतीआधी वारला तर विधवा दावा पुरा करी, आणि तिथे तिचे नाव झळकते. एरवी तिला शोधायला जनगणनेकडे वळावे लागते. १९०० च्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली, बाईला एकूण किती मुले झाली आणि किती हयात आहेत, असे रकाने आहेत. ‘झाली नऊ, हयात पाच’ हे एवढेसे उत्तर त्या बाईचे अख्खे आयुष्य सांगते. अडचण अशी, की १८९० ची जनगणना जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत जळून-भिजून खराब झाली, आणि उरलेली पुढे सरकारनेच नष्ट केली; हाती जवळजवळ काहीच राहिले नाही. सपाटीवर वस्ती वाढली ती नेमकी १८८० ते १९०० या काळात. हे भगदाड नेब्रास्काची १८८५ ची आणि कॅन्ससच्या राज्याच्या दर दहा वर्षांच्या गणना बुजवतात. पुढे जमीन विकताना मात्र बायको दिसते. कॅन्ससच्या राज्यघटनेनेच राहत्या होमस्टेडच्या, म्हणजे घर-शेताच्या, विक्रीला नवरा-बायको दोघांची संमती लागते.

आता आपल्या घरी येऊ.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता, १८६७ ची, १ जुलै १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायचे तर दोघांची सही किंवा अंगठा. म्हणून जुन्या खरेदीखतात, ज्याला आपले लोक अजून ‘एस्क्रितूर’ म्हणतात, विकणारा ‘अमुक आणि त्याची बायको तमुक’ असा जोडीने येतो. घेणाऱ्याचेही बहुधा लग्न झाले आहे का, कुणाशी, हे लिहिलेले असते. अमेरिकेच्या फायलीत जिला नाव नाही ती इथे पहिल्याच ओळीत उभी असते. तरी देवळांच्या स्मरणिकांत छापल्या जाणाऱ्या आपल्या वंशावळींत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, आणि बायका गायब! कागदाने जपलेले नाव छापताना आपणच गाळतो, याला काय म्हणावे?

सुरुवात करायची ती फॉर्म एक व चौदापासून, म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबारासारख्या आपल्या जमिनीच्या उताऱ्यापासून. गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग माहीत असले की तो संगणकावर निघतो. बहुतेक जण कब्जेदाराचे नाव वाचून कागद घडी घालून ठेवतात. तसे करू नये. जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेती), केर (रेताड), मोरड (उंचावरची) या रकान्यांतले क्षेत्र वाचावे. घराणे भाताचे होते की कुळागराचे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेचे, ते तिथे कळते. मग कुळाचा रकाना, इतर हक्कांचा रकाना आणि म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा, नंबर. कब्जेदार म्हणजे मालकच असे धरून चालणे ही सर्वांत मोठी चूक. ही नोंद १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीवेळी गावात जो पुढे आला, ज्याने सांगितले, त्याच्या नावाने चढलेली असते. थोरल्या भावाचे नाव लागले आणि धाकटे राहून गेले, भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, लागले आणि कूळ राहून गेले, असे सर्रास आहे.

फेरफाराचा नंबर घेऊन मामलेदार कचेरीत त्या फायलीची प्रत मागावी. फायलीत फेरफार ज्यावरून झाला तो दस्तऐवज असतो. त्या दस्तऐवजात मिळकतीचे जुने वर्णन असते: भूमिनोंदणी कार्यालयातला डिस्क्रिप्शन नंबर, कुठल्या ‘बी’ पुस्तकात कुठल्या पानावर, आणि महसुलाचा मात्रीज नंबर. डिस्क्रिप्शन नंबर म्हणजे त्या मिळकतीची जन्मपत्रिका. तो धरून जुनी पुस्तके पाहिली की मिळकत कुणाकडून कुणाकडे गेली त्या एकामागून एक नोंदी सापडतात, बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकापर्यंत. मात्रीजच्या वहीत कर कोण भरत होते ते. तीन नंबर, तीन वेगळी दप्तरे. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळावे अशी अपेक्षाही करू नये. जुन्या वर्णनात पुष्कळदा क्षेत्रफळ नसतेच, नुसत्या चतुःसीमा असतात. जुन्या एका मिळकतीचे आज सहा पोटविभाग झालेले असू शकतात, किंवा दोन जुन्या मिळकती एका सर्व्हे नंबरात आलेल्या असतात.

चतुःसीमा वाचायला चार शब्द पुरतात: नासेंते पूर्व, पोएंते पश्चिम, नोर्ते उत्तर, सूल दक्षिण. पण नासेंते म्हणजे पाण्याचा झराही. कुळागराच्या वर्णनात झरा असतोच, तेव्हा वाक्य पुरे वाचल्याशिवाय पूर्व ठरवू नये. सीमेवर लिहिलेली शेजाऱ्यांची नावे वेगळ्या कागदावर उतरून घ्यावीत. हे शेजारी म्हणजे होमस्टेडचे साक्षीदारच. त्यांच्या मिळकतीच्या वर्णनात उलट बाजूला तुमच्या पणज्याचे नाव सापडते, आणि तुमचा कागद वाळवीने खाल्लेला असला तरी त्यांचा असतो.

पण शेतकरी घर आतून पाहायचे तर इन्व्हेंतार हवा. घरातला कोणी वारला की मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा हा दावा. २०१६ पासून वारसाहक्काचा नवा कायदा लागू आहे, तरी गाभा तोच. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर पोर्तुगीज अमदानीत तो सक्तीचा होता. म्हणून ज्या घरात बाप तरणाबांड असताना गेला त्या घराची फाईल मिळण्याचा संभव जास्त, आणि आजोबा नव्वदीपर्यंत जगलेल्या भाग्यवान घराची कमी. फायलीच्या सुरुवातीला काबेसा द काझाल, म्हणजे घराचा कारभारी, शपथेवर सांगतो: मेलेला कोण, कधी, कुठे, लग्न कुणाशी, वारस कोण, त्यांची वये, मुलींची लग्ने कुठल्या गावी कुणाशी. नवरा वारला तर बहुधा बायकोच काबेसा असते. तिचे म्हणणे, तिचा अंगठा, तिचा अर्धा वाटा, ज्याला ‘मेयासांव’ म्हणतात, सगळे कागदावर येते.

मग मालमत्तेची यादी, प्रत्येक बाबीला क्रमांक. दागिने, तांब्यापितळेची भांडी, लाकडी पेटी. त्यानंतर ‘सेमोव्हेंतिश’ असे शीर्षक येते. शब्दाचा अर्थ आपणहून हलणारी मालमत्ता: बैल, गायी, म्हशी. मग स्थावर. पोफळी आणि माड लागती मिळकत, पूर्वेस अमक्याच्या वारसांची मिळकत, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस गांवकारीचा (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा) डोंगर, दक्षिणेस पायवाट, अशा धाटणीचे. शेवटी देणी: कुणाकडून किती कर्ज, कशासाठी गहाण. वारसांत एकाच मिळकतीसाठी चढाओढ झाली तर बोली लागते, तिचेही आकडे मिळतात. कुठल्या भावाला घराजवळचे कुळागर हवे होते आणि कुणी पैसे घेऊन बाजूला होणे पसंत केले, हे वाचताना घरातले रुसवेफुगवे आपोआप दिसायला लागतात.

आकडे वाचताना पैशाचे भान हवे. जुनी किंमत रुपय, तांग, रैस यांत असते. १६ तांगांचा एक रुपय. १९५८-५९ पासून १९६१ च्या मुक्तीपर्यंत एस्कुद, सहा एस्कुदांचा एक रुपय. त्यानंतर भारतीय रुपया. १९५७ ची किंमत आणि १९६० ची किंमत शेजारी ठेवून ‘जमीन तीन वर्षांत सहापट महागली’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत.

कुळाचे घराणे असेल तर वाट वेगळी, आणि इथे गोव्याचे दप्तर बाईला न्याय देत नाही हे मान्य करायला हवे. कुळाच्या रकान्यात पुरुषाचेच नाव. पण १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती, जिच्यामुळे कुळे मालक ठरली, यांखालच्या मामलेदारांच्या फायली होमस्टेडच्या पुराव्याशी विलक्षण जुळतात. शेत कोण कसतो, किती वर्षे, खंड किती देतो, बांध कोण घालतो, याच्या जबान्या आणि शेजारच्यांच्या साक्षी. खंडाच्या पावत्या खंडी-कुडवांत असतात. २० कुडवांची एक खंडी. कुळाची विधवा स्वतः उभी राहून साक्ष देते अशा फायलीही या दप्तरात आहेत. राहत्या घराचा प्रश्न असेल तर १९७५ च्या मुंडकार (म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायद्याखालची नोंदवही पाहावी. खाजनाच्या गावांत शेतकऱ्यांच्या असोसिएशनच्या वह्यांत बांध आणि मानशी (खाडीचे पाणी अडवायची दारे) यांच्या दुरुस्तीसाठी शेतवार नावे असतात. या वह्या कुठल्याही सरकारी कपाटात नाहीत, अध्यक्षाच्या घरी असतात; पावसाळ्याआधी विचारावे.

गांवकारीच्या जमिनीवर आफोरामेंत घेतलेल्यांसाठी आणखी एक. वार्षिक फोर, म्हणजे भुईभाडे, भरून पडीक जमीन लागवडीला घ्यायची ही पद्धत म्हणजे आपला होमस्टेडच. अर्ज, हरकतींसाठी जाहीर नोटीस, मोजणी, तात्पुरता ताबा, ठरल्या मुदतीत लागवड, तपासणी, आणि मग कायमचा ताबा. लागवड झाली नाही तर जमीन परत. तपासणीच्या अहवालात काय लावले, काय जगले ते येते. होमस्टेडच्या नादात अमेरिकेच्या पुराभिलेखागाराला पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी आधी आपल्या कोमुनिदादची, म्हणजे गांवकारीची, पायरी चढावी, ही विनंती. तिथले जोणकारांचे (गांवकारीच्या उत्पन्नात वाटा असलेल्यांचे) पुस्तक मात्र बहुतेक गावांत पुरुष वारसांचेच. वांगड, म्हणजे कूळ-घराण्याची शाखा, कळते, पिढी कळते, लेकी-सुना कळत नाहीत. देवळाच्या महाजनांच्या कातालोगाचेही, म्हणजे नावांच्या यादीचेही, तेच.

जन्म-मृत्यू-विवाहाची नागरी नोंद सर्वधर्मीयांसाठी १९१४ पासून. त्याआधी ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके आहेत. हिंदू घरांना इन्व्हेंतार, एस्क्रितूर आणि देवस्थानचे कागद यांवरच भागवावे लागते. हे आपले १८९० चे भगदाड. जन्माच्या दाखल्यात आजचा एका पानाचा छापील उतारा मागू नये. मूळ नोंदीची पूर्ण नक्कल, म्हणजे ‘तेओर’, मागावी. तीत मजकूर जास्त असतो, आणि बाजूच्या समासात पुढच्या काळातल्या दुरुस्त्या लिहिलेल्या असतात. जुनी पुस्तके काही पणजीच्या पुराभिलेख खात्यात, काही तालुक्याच्या निबंधकाकडे. धारबांदोडा तालुका अलीकडचा. तिथल्या गावांचे जुने कागद सांगे किंवा फोंडा म्हणून शोधावेत. कुर्डीचे लोक साळावली धरणाच्या पाण्यामुळे वाडे आणि वालकिणीला गेले. त्यांची जुनी मिळकत कुर्डीच्याच नावाखाली.

अमेरिकेसारखी जनगणनेची घरवार पाने ७२ वर्षांनी खुली होण्याची सोय आपल्याकडे नाही. १९४८ च्या कायद्याने ती गोपनीय आहेत. त्या दारावर वेळ घालवू नये.

नावांची गंमत आणि तापही. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आले ते आपल्या लिपीत लिहिले. शेणवीचा ‘सिनाय’, प्रभूचा ‘पोरोब’, कामतचा ‘कामोतीं’, भटाचा ‘बोत’. आपल्या ‘श’साठी त्यांचे अक्षर एक्स, त्यामुळे शांबा, शेट ही नावे अनुक्रमणिकेत शेवटाला सापडतात. एकाच माणसाचे नाव एका दस्तऐवजात सिनायसह, दुसऱ्यात त्याशिवाय. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे एकाआड एक पिढीला तीच दोन नावे फिरत राहतात. बापाचे नाव आणि वय दोन्ही जुळल्याशिवाय माणूस तोच असे मानू नये. सर्वांत जास्त फसगत बायकांच्या नावांत. लग्नात नाव बदलायची चाल, म्हणजे माहेरच्या जन्मनोंदीतली आणि सासरच्या एस्क्रितुरातली बाई एकच असूनही दोन वाटते. दोन्ही नावे एकत्र हवीत तर तिच्या बापाचा इन्व्हेंतार पाहावा. लग्न झालेल्या लेकींची नावे तिथे ‘उर्फ’ जोडून येण्याचा संभव सर्वाधिक. १९९० च्या कायद्याप्रमाणे नाव-आडनाव बदललेले असेल तर त्याचा कागद निबंधकाकडे मिळतो.

नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात जिंकलेल्या तालुक्यांतल्या, घरांत मोडी कागद असतात, पेटीच्या तळाशी. तारीख शकात असेल तर ७८ मिळवावेत. पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुन असेल तर ७९. शुहूर सनात (मराठी दप्तरांतल्या अरबी सनात) असेल तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, पुढे ६००. मोडी वाचणारा शोधताना त्याला मूळ कागद देऊन येऊ नये, फोटो द्यावा.

वेळिप, गावडे, कुणबी समाजांतल्या पुष्कळ घरांना यातले काहीच सापडणार नाही. डोंगरउतारावर कुमेरी (जंगल जाळून फिरती शेती) करणाऱ्यांची जमीन कुणाच्या नावावर चढलीच नाही. त्यांच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे, ग्रामसभेतल्या नोंदी आणि वडीलधाऱ्यांच्या जबान्या हाच लेखी ऐवज. ज्यांचे दावे अजून चालू आहेत त्यांनी दिलेल्या प्रत्येक जबानीची प्रत आत्ताच घरी ठेवावी. उद्या तीच त्यांची होमस्टेड फाईल.

घरातल्या कागदांबद्दल दोन शब्द लिहून थांबतो. जुन्या एस्क्रितुराला लॅमिनेशन करू नये, फाटले तर चिकटपट्टी लावू नये. जुनी काळी शाई कागद खाते. त्यावर प्लास्टिक चढवले की आपल्या पावसाळ्यातली ओल आत कोंडते आणि चार वर्षांत अक्षरांच्या जागी भोके राहतात. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून लाकडी फळीवर, भिंतीपासून बोटभर लांब ठेवावेत. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढावेत, पाठीमागची बाजूही. मुद्रांक, पावती नंबर आणि शेरे तिथेच असतात. पुराभिलेख खात्यात जाताना तालुका, गाव, मिळकतीचे नाव, डिस्क्रिप्शन नंबर, मेलेल्या माणसाचे पूर्ण नाव त्याच्या बापाच्या नावासह आणि अंदाजे वर्ष कागदावर लिहून न्यावे. नुसते आडनाव सांगितले तर तिथला कर्मचारी तरी काय करणार? आणि पहिल्या फेरीत इन्व्हेंतार मिळाला नाही, तर त्याच वर्षांत बायकोच्या नावाने पुन्हा अर्ज करावा. नवऱ्याच्या आधी ती गेली असेल तर फाईल तिच्या नावाने उघडलेली असते.

कळावे,
आपला,
एक वाचक, फोंडा